मेंदूज्वराची जुनी गोळी पोरीला आधीच देऊन ठेवायची का?

पत्र हुडकेश्वरहून आलंय. नाव छापू नका म्हणाले, तर नाही छापत. पत्र चार पानी आहे, थोडक्यात सांगते. यांच्या मोठ्या बहिणीचं सासर भंडाऱ्याकडे, धानपट्ट्यातलं गाव. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास त्याला ताप आला, दुसऱ्या दिवशी झटके, मग शुद्ध गेली, तिथून उचलून नागपूरला आणला, आयसीयूत बरेच दिवस काढले आणि वाचला. डॉक्टरांनी व्हायरल मेंदूज्वर सांगितला. पोरगा आता घरी आहे पण बोलताना शब्द सापडत नाहीत, लवकर चिडतो, उजव्या हाताची पकड ढिली झालीय, फिटची गोळी चालू आहे. आणि आता घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून राहिला की मुरुमांवरची एक जुनी गोळी, मिनोसायक्लिन, व्हायरसपासून मेंदूच्या पेशी वाचवते, शोध भारतातच लागला, पण गोळी स्वस्त असल्यानं कंपन्यांनी दाबून ठेवलं. भाऊंच्या साळ्याचं औषधाचं दुकान आहे, त्यानं लगेच दोन स्ट्रिप आणून पण दिल्या. आता भाऊंचेच शब्द:

"ताई, भाच्याला ही गोळी आता सुरू केली तर मेंदू भरून येईल का? माझी पोरगी सहा वर्षांची आहे, सुट्टीत अन् सणाला आत्याकडे जाते, तिला पावसाळाभर आधीच देऊन ठेवली तर चालते का? अन् एवढी स्वस्त गोळी होती तर डॉक्टरांनी तेव्हाच काऊन नाही दिली? बहीण रोज हेच विचारते, मले उत्तर देता येत नाही."

भाऊ, आधी उत्तर घ्या, मग बाकीचं बोलू. पोरीला द्यायची नाही, एक पण नाही. भाच्याला तुमच्या मनानं सुरू करायची नाही. त्या दोन स्ट्रिप आजच साळ्याला परत करा. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे कारण फॉरवर्ड पूर्ण खोटा नाही, अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्यानंच जास्त घोळ होतो.

मी पंचवीसेक वर्षं फार्मसीच्या पोरांना औषधशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा आहे, थोडं सहन करा. एका आजारासाठी बाजारात आलेलं औषध दुसऱ्याच आजारावर चालतं का हे तपासणं हा आता मोठा उद्योग झालाय. कारण साधं आहे. नवीन औषध शून्यातून काढायला दहा-बारा वर्षं सहज जातात, आणि जुन्या औषधाचं निदान एवढं तरी माहीत असतं की किती डोसला माणसाला काय होतं. अमँटाडीनचं बघा ना, ते फ्लूसाठी होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पार्किन्सनच्या एका बाईनं फ्लू होऊ नये म्हणून घेतलं आणि तिचा कंप, ताठरपणाच कमी झाला, तेव्हापासून ते पार्किन्सनमध्ये वापरतात. म्हणजे असं होतं, नाही असं नाही.

आता व्हायरस आणि मेंदू. मेंदूची पेशी एकदा मेली की तिच्या जागी बहुतेक ठिकाणी दुसरी येत नाही, म्हणून ती मरूच नये यासाठी एवढी धडपड. त्यात दोन वाटा आहेत. एक, व्हायरसची वाढच थांबवायची. दुसरी, व्हायरस वाढला तरी पेशी मरू द्यायची नाही. २०१६ साली झिका नावाच्या व्हायरसची साथ जोरात असताना अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे ६,००० संयुगं, त्यात बाजारातली कितीतरी औषधं, माणसाच्या मेंदूच्या कोवळ्या पेशींवर एकेक करून टाकून बघितली. दोन्ही वाटांची औषधं सापडली. निक्लोसमाईड नावाचं पोटातल्या पट्टकृमीचं जुनं औषध व्हायरसची वाढ रोखत होतं, आणि एमरिकासान नावाचं दुसरं एक पेशीचं मरणं थांबवत होतं. छान बातमी झाली. पण निक्लोसमाईड आतड्यातून रक्तात धड जातच नाही, पोटातल्या जंतावर ते त्याच्यासाठीच बरं, तिथेच राहून काम करतं. मग मेंदूपर्यंत कसं जाणार? काचेच्या बशीत पेशी औषधात बुडवून ठेवता येते, पोराचं डोकं नाही ठेवता येत.

तसंच सोफोसबुविरचं, तुमच्या फॉरवर्डमध्ये त्याचं पण नाव आहे. हे हिपॅटायटिस सीचं औषध, २०१३ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा एक गोळी हजार डॉलरची होती, नंतर भारतीय कंपन्यांनी परवाना घेऊन स्वस्त केली. २०२२ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून बातमी आली की प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांना कोरोनाचा संसर्ग दिला तर पेशींमधले जोड कमी होतात आणि सोफोसबुविर दिलं तर ते नुकसान भरून निघतं. काम चांगलंच आहे. पण त्या पुंजक्यांत रक्तवाहिन्या नसतात, शरीराची संरक्षण यंत्रणा नसते. आणि मेंदूज्वरात पोराचं जे हाल होतं त्यातलं बरंचसं तर त्या संरक्षण यंत्रणेमुळेच होतं!

हे नीट समजून घ्या, कारण मिनोसायक्लिनचा सगळा खेळ इथेच आहे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, त्यांचं काम राखणीचं. व्हायरस शिरला की त्या खवळतात. गल्लीत एक चोर शिरला म्हणून रखवालदारांनी सगळ्याच घरांची दारं फोडावी तसं होतं, त्यांनी सोडलेल्या रसायनांनी ज्या पेशीत व्हायरस नव्हताच त्या पण मरतात. मिनोसायक्लिन हे खरं म्हणजे अँटिबायोटिक, १९७० च्या दशकापासून मुरुमांसाठी वगैरे वापरतात, पण या खवळलेल्या मायक्रोग्लियाला ते शांत करतं, आणि मेंदूत बऱ्यापैकी पोचतं, ही त्याची जमेची बाजू. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, तिथे अनिर्बन बसू यांच्या गटानं २००८ मध्ये उंदरांवर दाखवलं की जपानी मेंदूज्वराचा, म्हणजे आपल्याकडे डासातून येणाऱ्या मेंदूज्वराचा, व्हायरस टोचून मग मिनोसायक्लिन दिलं तर उंदीर वाचतात. तर शोध भारतातच लागला हे खरं आहे बरं का, फॉरवर्डवाल्याला तेवढं श्रेय द्या.

पण त्या प्रयोगात औषध कधी सुरू केलं होतं माहिती आहे? संसर्ग दिल्यानंतर २४ तासांनी. व्हायरस कधी टोचला ते संशोधकाला घड्याळ बघून माहीत होतं. आणि तुमचा भाचा? त्याला डास कोणत्या रात्री चावला हे कोणाला माहीत? डास चावल्यापासून ताप यायलाच साधारण चार दिवस ते दोन आठवडे जातात, मग ताप, मग गावातल्या डॉक्टरकडे एक दिवस, मग झटके, मग गाडीची धावपळ. पोरगा नागपूरच्या आयसीयूत पोचला तेव्हा मेंदूत जे व्हायचं त्यातलं पुष्कळ होऊन गेलं होतं. उंदीर आणि पोरगा यांच्यातला मोठा फरक जातीपेक्षा या वेळेचा आहे, असं माझं मत आहे, आणि या एका फरकावर कितीतरी औषधं आपटली.

कोणकोणती? जपानी मेंदूज्वरावर थायलंडमध्ये डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉईड, सूज कमी होईल म्हणून ६५ पेशंटवर तपासलं, १९९२ मध्ये निकाल आला, फायदा नाही. व्हिएतनाममध्ये इंटरफेरॉन, ११२ मुलं, २००३, फायदा नाही. लखनौला रिबाविरिन, १५३ मुलं, २००९, फायदा नाही. ही सगळी आधीच बाजारात असलेली औषधं, काचेच्या बशीत यातली काही मस्त चालत होती. आणि मग लखनौच्याच किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटीत तुमची मिनोसायक्लिन. मेंदूज्वराचे २८१ पेशंट, निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं, कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांना पण माहीत नाही आणि घरच्यांना पण नाही. २०१६ मध्ये निकाल छापून आला. तीन महिन्यांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये खात्रीनं सांगता येईल असा फरक नव्हता. भरती झाल्यावर पहिला दिवस जे तरले त्यांच्यात कल थोडा औषधाच्या बाजूनं दिसला, पण कल म्हणजे पुरावा नाही, त्यासाठी आणखी मोठा प्रयोग लागतो.

म्हणजे दाबून ठेवलं वगैरे काही नाही भाऊ, उघड तपासलं, उघड छापलं. हां, एक गोष्ट मात्र मी कंपन्यांच्या बाजूनं बोलणार नाही. ज्या गोळीचं पेटंट संपून जमाना झाला तिच्यावर मोठा प्रयोग करायला कोणती कंपनी पैसे घालेल? त्यात मिळणार काय? म्हणून असे प्रयोग सरकारी कॉलेजांनी सरकारी पैशानं करावे लागतात आणि ते हळूहळू, छोटे होतात. धानपट्ट्यातल्या पोरांचा आजार हा काही श्रीमंतांचा आजार नाही, तेव्हा त्यावर पैसा कमी येतो. हा राग खरा आहे आणि तो धरायला हरकत नाही, पण त्या रागात गोळी पोरीच्या तोंडात घालू नका.

आता बहिणीचा प्रश्न, तेव्हाच का नाही दिली. एक काम करा, डिस्चार्ज कार्ड काढून बघा. मला तुमच्या भाच्याचे कागद दिसत नाहीत पण अशा पोराला भरती करताना डॉक्टर सहसा व्हायरस कोणता ते कळायची वाट बघत बसत नाहीत. असायक्लोविर बहुतेक ठिकाणी लगेच सुरू करतात, कारण हर्पिस नावाच्या व्हायरसमुळे होणारा मेंदूज्वर हा असा आहे की त्यावर पक्कं औषध आहे. उपचार नसताना त्यात शंभरातले सत्तर जायचे, असायक्लोविरनं ते प्रमाण वीस-तीसवर आलं. उशीर झाला तर फायदा कमी, म्हणून रिपोर्टच्या आधीच सुई. आणि आपल्याकडे पावसाळ्यात पुष्कळदा डॉक्सीसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन पण देतात, कारण स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपुरात आणि आजूबाजूला त्याचे रुग्ण निघाले होते, आठवत असेल. तो व्हायरस नाही, गवतातल्या बारीक किड्यातून येणारा जंतू आहे, दिसायला थेट मेंदूज्वरासारखा, आणि डॉक्सीसायक्लिननं बरा होतो. ही डॉक्सीसायक्लिन मिनोसायक्लिनची अगदी जवळची नातेवाईक. म्हणजे बहीण ज्या गोळीसाठी रडतेय तिच्याच घरातलं औषध पोराला मिळालं पण असेल. कार्डावर ही नावं असतील तर बहिणीला दाखवा, बोटानं दाखवा. डॉक्टरांनी जे माहीत होतं ते केलं हे तिला कागदावर दिसलं पाहिजे, नुसतं सांगून तिचं समाधान होणार नाही.

भाच्याला आता दिली तर? मेंदूज्वर होऊन गेल्यावर काही महिन्यांनी मिनोसायक्लिन दिल्यानं गेलेली बोली परत येते असा कुठलाही पुरावा नाही. व्हायरसशी शरीराची लढाई केव्हाच संपली. आणि "फायदा नाही झाला तरी तोटा काय" हे जे साळेबुवा म्हणून राहिले ना, त्यांना एक किस्सा सांगा. एएलएस नावाचा मज्जातंतूंचा आजार आहे, हातपाय हळूहळू गळत जातात. त्यात पण मिनोसायक्लिननं उंदीर जास्त जगले होते, पेशी वाचवते म्हणून मोठी आशा होती. मग ४१२ पेशंटवर प्रयोग केला, २००७ मध्ये निकाल आला, आणि गोळी घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा लवकर खालावली. लवकर! मेंदूला वाचवणारं म्हणून दिलेलं औषध नुकसान करून गेलं, आणि हे प्रयोग केला म्हणून कळलं, नाहीतर आजपर्यंत घरोघरी देत बसले असते. अलीकडचं पण आहे, हर्पिसवरचं व्हॅलासायक्लोविर अल्झायमरच्या सुरुवातीच्या पेशंटना दीड वर्ष देऊन बघितलं, अमेरिकेत, १२० जणांवर. २०२५ मध्ये निकाल आला, फायदा नाहीच, स्मरणशक्तीच्या चाचणीत औषधवाले थोडे मागेच पडले. आधीच्या पाहणीत मात्र वाटत होतं की हर्पिसची औषधं घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी होतो.

पोरीकडे येऊ. सहा वर्षांची आहे म्हणता. या घराण्यातली औषधं आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा टाळतात, कारण हिरड्यांत तयार होत असलेल्या पक्क्या दातांत ती जाऊन बसतात आणि दात पिवळे, करडे येतात, ते घासून जात नाहीत. मिनोसायक्लिननं चक्कर येते, ऊन सहन होत नाही, काहींच्या लिव्हरला त्रास होतो. पण मला सगळ्यात भीती ज्याची वाटते ते वेगळंच आहे, काही जणांत ही गोळी डोक्यातला दाब वाढवते. डोकं दुखतं, उलट्या होतात, धूसर दिसतं. आता मला सांगा, पावसाळ्यात आत्याच्या गावाहून आलेल्या पोरीचं डोकं दुखतंय आणि उलट्या होऊन राहिल्या, तर ते गोळीमुळे की मेंदूज्वरामुळे? तुम्ही म्हणाल गोळीमुळे असेल, उद्या बघू. आणि तो उद्याचा दिवस परवडणारा नाही. शिवाय चार महिने रोज अँटिबायोटिक पोटात गेलं की खरोखर गरज पडेल तेव्हा ते चालेलच असं नाही, तो भाग आणखीच वेगळा.

नागपूरकरांना हे मी काय सांगावं, २०२१ आपण बघितलंय. डेक्सामेथासोन हे साठ वर्षं जुनं, चिल्लर किमतीचं औषध, इंग्लंडच्या मोठ्या प्रयोगात जून २०२० मध्ये कळलं की व्हेंटिलेटरवरच्या कोरोना पेशंटचे मृत्यू त्यानं एक तृतीयांशानं कमी होतात. जुन्या औषधाचा याहून चांगला नवा उपयोग क्वचितच निघाला असेल. पण त्याच प्रयोगात दिसलं होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही. आपल्याकडे काय झालं? घरीच ताप असलेल्याला पण स्टेरॉईड, शुगरवाल्याला पण स्टेरॉईड, आणि मग काळी बुरशी, लोकांचे डोळे काढले, जबडे काढले. औषध तेच होतं! कोणाला, कधी, किती, हे चुकलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची तर गोष्टच सोडा, त्याच प्रयोगात ते फेल झालं, पण तोवर लोकांनी घरात साठे करून ठेवले आणि ल्युपस नावाच्या जुनाट आजाराच्या बायांना त्यांची रोजची गोळी मिळेना.

मग पोरीसाठी काय करायचं? जे आहे ते करा, आणि ते कमी नाही. जपानी मेंदूज्वराची लस आहे, ज्या जिल्ह्यांत हा आजार सापडतो तिथे सरकारी लसीकरणात मोफत आहे, पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पोरीचं लसीकरण कार्ड काढा, जेई असं लिहिलेलं दिसतं का बघा, नसेल तर आशाताईला किंवा बालरोगतज्ज्ञाला विचारा की आता देता येते का. गोळीच्या मागे एवढी धावपळ केली पण कार्ड बघितलं का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. हा व्हायरस बगळ्यासारखे पाणपक्षी आणि डुकरं यांच्यात फिरतो, डास तो माणसात आणतो, आणि तो डास धानाच्या बांधीतल्या साचलेल्या पाण्यात वाढतो, संध्याकाळी अंधार पडायला लागला की चावायला निघतो. संसर्ग झालेल्या अडीचशे जणांत साधारण एकालाच मोठा आजार होतो, पण ज्यांना होतो त्यांच्यातले तीस टक्क्यांपर्यंत जातात आणि वाचलेल्यांतल्या कितीतरी जणांना तुमच्या भाच्यासारखं काही ना काही मागे राहतं. तेव्हा आत्याकडे असताना संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे, झोपायला मच्छरदाणी, आणि डुकरांचे वाडे घरापासून लांब.

दुसरा एक व्हायरस आपल्या गावचाच आहे, चांदीपुरा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरात तापाच्या पेशंटच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला सापडला आणि गावाचं नाव जगभर गेलं, गावाला काय वाटलं असेल देव जाणे. २००३ मध्ये आंध्रात ३२९ पोरं आजारी पडली, १८३ गेली. २००७ मध्ये नागपूर विभागातच साथ होती, २०२४ मध्ये गुजरातेत. याला लस नाही आणि औषध पण नाही. तो सँडफ्लायमधून येतो, ती माशी डासापेक्षा कितीतरी बारीक, साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून आत येते, मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात राहते. म्हणून भेगा लिंपा, शेण घराजवळ साचू देऊ नका, बारीक जाळीची मच्छरदाणी घ्या, फवारणीवाले आले तर गोठा पण फवारून घ्या, "जनावराला त्रास होते" म्हणून परत पाठवू नका, जनावर तेवढ्यापुरतं बाहेर बांधायचं. चांदीपुराच्या आजारात पोरगं चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत हातचं जातं, तिथे तर उंदराच्या प्रयोगातल्या वेळेचा विचारच करायला नको.

आणि वेळेचंच म्हणाल तर ती तुमच्या हातात आहे, गोळीपेक्षा जास्त. ताप आहे आणि सोबत पोरगं बरळतंय, वेगळंच वागतंय, झोपेतून धड उठत नाही, किंवा झटका आला, की १०८ ला फोन. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, झटका किती वाजता सुरू झाला ते मोबाईलमध्ये बघून ठेवा. ताप कोणत्या दिवशी आला, कुठल्या गावाला गेले होते, अंगावर कुठे काळी खपली आहे का, काखेत, कमरेला, कानामागे बघा, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. खपलीवरून स्क्रब टायफसचा अंदाज येतो आणि त्याचं औषध आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबतीसोबत रोगराई गावाबाहेर पाठवतो, मला पण ती मिरवणूक लई आवडते, पण बाप्पा, जपानी मेंदूज्वर नेमका त्याच दिवसांत जोरात असतो.

भाच्याचं आता जे होऊ शकतं ते गोळीत नाही, सरावात आहे. नऊ वर्षांच्या मेंदूत शिकायची ताकद भरपूर असते, मेलेल्या पेशी परत येत नसल्या तरी उरलेल्या पेशी नवी कामं उचलतात, पण त्यांना रोज काम द्यावं लागतं. शब्द सापडत नाहीत त्यासाठी स्पीच थेरपी, हातासाठी ऑक्युपेशनल थेरपी, चिडचिडीसाठी मुलांचे मानसतज्ज्ञ, कारण मेंदूज्वरानंतर स्वभाव बदलतो तो लाडानं बिघडलेला नसतो, घरच्यांनी त्याला रागावणं आधी बंद करा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं केंद्र असतं, शाळा तपासणीतून सापडलेल्या मुलांना तिथे पाठवतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सरकारी योजना आहे, भंडाऱ्याला चौकशी करा, दर वेळी नागपूरच्या खेपा परवडत नसतील तर तिथून सुरुवात होऊ शकते. घरी रोज गोष्ट सांगायला लावा, अडला की शब्द लगेच पुरवू नका, थोडं थांबा. शाळेत परत पाठवायची घाई पण नको आणि वर्षभर घरी बसवणं पण नको, अर्धा दिवस, मग पूर्ण, मास्तरांना सांगून.

एक शेवटचं, कारण तुमच्यासारख्या माणसाला उद्या कोणीतरी म्हणेल की आमच्याकडे नवीन प्रयोग सुरू आहे, पोराला घाला. खरा प्रयोग कसा ओळखायचा? देशात क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, २००७ पासून, नंबर मागा आणि इंटरनेटवर शोधून बघा. त्यात औषधाचे पैसे घेत नाहीत, संमतीचा कागद तुमच्या भाषेत असतो, मधेच बाहेर पडता येतं, इजा झाली तर भरपाईचा नियम आहे. जुनं औषध नव्या आजारासाठी द्यायचं म्हटलं तरी २०१९ च्या नियमांत ते नवीन औषधच धरलं जातं आणि परवानगी लागते. "पाच हजार भरा, स्पेशल न्यूरो कोर्स आहे" असं कोणी म्हणालं तर तो प्रयोग नाही, धंदा आहे. आणि खरा प्रयोग असेल तर मी तरी घाबरा म्हणणार नाही, लखनौच्या त्या २८१ घरांनी हो म्हटलं म्हणून आज आपण एवढं तरी बोलू शकतो.

न्यूरोच्या ओपीडीत जाल तेव्हा डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म आणि ईईजीचा रिपोर्ट तिन्ही सोबत न्या, मिनोसायक्लिनचं पण विचारा, खुशाल विचारा, डॉक्टर रागावले तरी चालेल. सकाळी नंबर लवकर लावावा लागतो, त्या गडबडीत भाच्याची फिटची गोळी चुकवू नका, दवाखान्यात जायचंय म्हणून उपाशी ठेवायची पण गरज नाही.